आजोबांचं पान

देवाधर्माचं सगळं मी वेळेवर करत आलो, आणि वेळेवर करतो हे लोकांना सांगतही आलो. एस. टी.त उमेदीची सगळी वर्षं गेली, त्यातली शेवटची खेडच्या स्टँडवर, वाहतूक नियंत्रकाच्या काचेमागे. त्यामुळे वेळ आणि नियम हे दोन शब्द अंगात मुरलेले. आमच्या वाघजाईच्या पालखीला खांदा द्यायला मी कधी उशिरा गेलो नाही. पितृपक्षात कुणाचं पान कोणत्या तिथीला वाढायचं हे मला तोंडपाठ. गावात कुणाला तिथीचा घोळ पडला की माणसं भटजींकडे जायच्या आधी माझ्याकडे यायची आणि मला ते आवडायचं. आज मागे वळून बघतो तेव्हा वाटतं, नियमांचा एवढा डांगोरा पिटणाऱ्या माणसाला बहुधा काहीतरी झाकायचं असतं. मला तरी झाकायचं होतं. पुढे जे घडलं ते कुणाला पटवण्यासाठी मी लिहीत नाही. लाज वाटते म्हणून लिहितो, आणि ती नुसती मनात ठेवली तर पुन्हा एखाद्या नियमाखाली जाऊन लपेल, अशी भीती वाटते म्हणून.

आमचे आजोबा, धोंडू राघो, दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणीबरोबर समुद्रापार गेले ते परत आले नाहीत. तेव्हा माझे वडील पाच-सहा वर्षांचे होते आणि आत्या पाळण्यात. आधी तार आली की आजोबा बेपत्ता आहेत. पुढे लढाई संपल्यावर शेजारच्या वाडीतला एक जण इटलीहून परतला. त्याने सांगितलं की एका नदीच्या पलीकडे जाताना धोंडूला बघितलं होतं, मग दिसला नाही; तिथले शेतकरी पुष्कळ शिपायांना घरात लपवून ठेवायचे. एवढंच तो बोलला. बाकीचं गावाने जोडलं. त्यानंतर एक कारकून दुसरा कागद घेऊन आला आणि आजीचा अंगठा मागू लागला. आजीने तो कागद वाचूच दिला नाही. "माजं कुंकू कागदावर पुसू नका," असं म्हणून तिने त्याला उंबऱ्यावरूनच परत पाठवलं. अंगठा नाही म्हणून पेन्शन नाही, आणि पेन्शन नाही म्हणजे धोंडू पळाला, तिकडे बाई ठेवून राहिला, असा गावाने निकाल लावला. वडील शाळेत 'पळपुट्याचा पोर' हे ऐकत मोठे झाले. त्यांनी बापाचं नाव घरात घ्यायचं नाही असा दंडक घातला, आणि मी तो वडिलांच्या जमिनीसारखाच वारशाने घेतला.

आजी, भागीरथी, मी हायस्कुलात असताना गेली. हिरवं लुगडं, हिरव्या बांगड्या, कपाळभर कुंकू. गावातल्या बायका रांग लावून तिच्या पाया पडल्या, कारण ती सवाष्ण गेली होती. तेव्हापासून आमच्या घरी पितृपक्षातली अविधवा नवमी तिच्या नावाने सुरू झाली. एका सवाष्णीला बोलवायचं, जेवू घालायचं, खणानारळाने ओटी भरायची. ही नवमी नवऱ्याआधी गेलेल्या बाईची. म्हणजे दरवर्षी त्या दिवशी आमचं घर जगाला सांगत होतं की धोंडू राघो जिवंत आहे. आजोबांनी शंभरी कधीच ओलांडली होती, पण आमच्या नवमीच्या हिशेबाने ते अजून कुठेतरी हिंडतच होते. जिवंत माणसाचं पान वाढत नाहीत, म्हणून त्यांना पान नाही. आणि पान नाही याचं कुणाला वाईटही वाटत नव्हतं, कारण पळपुट्याला कसलं पान?

वाईट वाटत होतं ते एकट्या आत्याला. ती लग्न करून अलोऱ्याला गेली. तिचे यजमान कोयना प्रकल्पावर कामाला होते, आणि वसाहतीतल्या दोन खोल्यांत तिने संसार केला. शाळा तिने पाहिली नाही, अक्षर तिला येत नाही. बापाचा चेहरा आठवायलाही ती फार लहान होती. तरी दर गणपतीत माहेरी आली की जाताना ती मला एकच विचारायची, "बाळा, बाबांचं पान कदी वाढशील?" मी नवमीचं कारण पुढे करायचो. आजोबांचं पान वाढलं तर आजी विधवा ठरेल, मेलेल्या बाईचं कुंकू आपण पुसायचं का? हे ऐकून ती पिशवी उचलून निघायची. युक्तिवाद बिनतोड होता. खोटा एवढ्यासाठीच होता की मला आजीच्या कुंकवाची नव्हे, वडिलांच्या रागाची आणि स्वतःच्या ताठ मानेची काळजी होती.

काही वर्षांपूर्वी गावाने शाळेसमोर एक काळा दगड उभा केला. गावातले जे जे शिपाई लढाईत कामी आले त्यांची नावं त्यावर कोरायची ठरलं, आणि समितीत मीही होतो. एका जुन्या माजी सैनिकाने यादीत आजोबांचं नाव घातलं. ते मी माझ्या हाताने खोडलं. पुरावा नाही, आणि आमच्या घरचा माणूस म्हणून मी खोटेपणा चालवून घेणार नाही, असं भर बैठकीत म्हणालो. लोकांनी माझ्या प्रामाणिकपणाची वाहवा केली आणि त्या रात्री मला शांत झोप लागली, हे सांगायलाच हवं. अनावरणाला आत्या अलोऱ्याहून आली, पातळाची घडी मोडून. पहिल्या रांगेत बसली. नावं वाचून झाली तेव्हा ती दगडापाशी आली आणि सगळ्यांदेखत मला म्हणाली, "यात बाबांचं नाव खंयचं ता दाखव. मी हात लावत्ये." पाहुणे बघत होते. मी म्हणालो, "पळून गेलेल्याचं नाव दगडावर घालत नाहीत, आत्या." आत्याने पुढे केलेला हात पदराखाली घेतला. दगडाच्या तळाशी समितीतल्या सात जणांची नावं होती, त्यात माझं होतं.

त्यानंतर तिने गावातल्या कुणाला काही विचारलं नाही, मला म्हणाली, देवीलाच विचार. आमच्याकडे अडलेल्या गोष्टीला कौल लावतात. गुरव देवीच्या पाषाणाला ओल्या पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो, आणि उजवीकडची पाकळी पडली तर हो, डावीकडची पडली तर नाही. आत्याचा प्रश्न साधा होता: माझे बाबा गेले असतील तर त्यांचं पान वाढू का? देवळात गेलो मी. आणि गुरवाला मी सांगितलं की विचार, भागीरथीची नवमी बंद करू का? मला ठाऊक होतं मी काय करतोय. गुरवाने माझ्याकडे जरा वेळ बघितलं, पण विचारलं मी सांगितलं तसंच. डावी पाकळी पडली. घरी येऊन मी आत्याला म्हणालो, "देवी नाही म्हणाली." तिने कपाळाला हात लावला आणि म्हणाली, "बरं." ज्या देवीच्या पालखीला मी खांदा देत होतो, तिच्याच तोंडात मी माझं उत्तर घातलं होतं.

यंदा आत्या गणपतीला आली ती नेहमीसारखी लगेच परत गेली नाही. ऐंशी ओलांडलेली, अंगात काही राहिलं नव्हतं. डॉक्टरांनी वयाचं दुखणं म्हणून सांगितलं. जेवायला बसायची, चार शितं चिवडायची आणि उठायची. पितृपक्ष लागला. नवमीच्या आदल्या दिवशी सकाळी मी खेडला सामान आणायला निघत होतो, तेव्हा माजघरातून तिचा आवाज आला. "बाळा, या वरसाला तरी. मी जाईन तवा बाबा भेटले तर काय सांगू, मी जेवले नि तुमी उपाशी?" मी चिडलो. देवीने नाही सांगितलंय ना, मग तेच तेच काय, असं काहीसं ओरडलो. माझी बायको स्वयंपाकघरातून न्याहरीची ताटली घेऊन बाहेर आली. मला मधुमेह आहे. गोळी घेतली होती, पण रागाच्या भरात न्याहरी न करता तसाच बाहेर पडलो. रागावलेल्या माणसाला आपण उपाशी आहोत याचाही अभिमान वाटतो.

खेडला सवाष्णीसाठी खण घेतला, हिरव्या बांगड्या घेतल्या, नारळ, केळीची पानं, तांबडा भोपळा. दुपारच्या गाडीला येऊन स्टँडवर बसलो. बाकावर माझ्या शेजारी सत्तरीतला एक मुसलमान गृहस्थ होता, पांढरी दाढी, डोक्यावर टोपी, मांडीवर रेक्झिनची जुनी बॅग. त्याने आमच्या गावची गाडी कुठे लागते म्हणून विचारलं. स्टँडवरचं कुणी काही विचारलं की मला अजून हुरूप येतो. मी फलाट सांगितला, वेळ सांगितली, गाडी किती उशिरा येईल तेही सांगितलं. मग तो म्हणाला, "तुमी त्याच गावचे काय? तितं भागीरथी म्हणून कुनाच्या घरात होती? नवरा लढाईत गेल्याला." लढाईला ऐंशी वर्षं उलटल्यावर आजीचं नाव एका परक्याच्या तोंडी. मला वाटलं, आजोबांचं तिकडचं काही लचांड शेवटी दारात येऊन उभं राहिलं. उद्या गावात पुन्हा तोंडं सुटतील. मी म्हणालो, "नाही. त्या नावाचं आमच्या गावात कुणी नाही." तो म्हणाला, "बरं, इचारून बघतो," आणि बॅगेवर हात ठेवून बसून राहिला. आजी जिवंत नव्हती, म्हणजे माझं वाक्य अक्षराला खरं होतं. अशा वाक्यांत मी आता तरबेज झालो होतो.

गाडीत तो पुढे बसला, मी मागे. वळणावळणाचा घाट लागला तसा मला दरदरून घाम फुटला. हात थरथरायला लागले, समोरच्या सीटची कड दोन-दोन दिसायला लागली. साखर उतरली हे कळत होतं, पण खिशात काही नव्हतं. फाट्यावर गाडी थांबली तेव्हा कसाबसा उतरलो आणि निवारा शेडच्या पायरीशी खाली बसलो, तो आडवाच झालो. तिथून गाव दीड-दोन किलोमीटर आत, आणि उतरलेले आम्ही दोघंच. पुढचं मला तुटक आठवतं. कुणीतरी माझं डोकं मांडीवर घेतलं. कुणीतरी तोंडात खजूर घातला आणि म्हणालं, "चावा. गिळू नका, चावा." मग दुसरा. मग पाणी. डोळे उघडले तेव्हा पांढरी दाढी दिसली. पिशवीतून घरंगळलेला भोपळा आणि बांगड्यांचं पुडकं त्याने गोळा करून ठेवलं होतं. एकही बांगडी फुटली नव्हती.

त्याने रस्त्यावरून जाणारी एक रिक्षा थांबवली आणि मला धरून आत बसवलं. घर कुठलं म्हणून विचारलं. मी हाताने दाखवलं. नाव सांगितलं नाही. आजीच्या ओटीचं सामान मांडीवर घेऊन तो माणूस माझ्या शेजारी बसला होता आणि मला त्याच्याकडे बघवत नव्हतं. वाटेत वाटलं की आता सांगून टाकावं. जीभ उचलली नाही. मला बरं वाटत नव्हतं, हे निमित्तही सोयीचं होतं.

घरी मला पडवीतल्या खाटेवर निजवलं. बायकोने साखरेचं पाणी दिलं, पाहुण्याला चहा दिला. आत्या आतून भिंतीला धरत धरत आली आणि दारात बसली. माझा जीव वाचवला म्हणून तिने त्याला हात जोडले आणि विचारलं, "आमच्या गावाला कुनाकडं आलाव?" तो म्हणाला, "घर गावलं तर बरं. भागीरथीबाय म्हणून होती, धोंडू राघोची बायको. स्टँडावर यांना इचारलं, तर कुनी नाय बोलले." मी डोळे मिटून पडून राहिलो. झोपेचं सोंग घेतलेला त्रेसष्ट वर्षांचा माणूस कसा दिसत असेल ते बायकोला ठाऊक, ती नंतर कधी बोलली नाही. आत्या म्हणाली, "ह्याच घर. मी तिची लेक."

त्यांचं नाव युसुफभाई. दाभोळच्या बाजूचे, सगळा जन्म जहाजावरच्या नोकरीत गेलेला. लेक-जावई इटलीत आहेत, म्हणून गेल्या वर्षी तिकडे गेले होते. त्यांचा एक चुलत आजोबा त्याच लढाईत गेलेला, त्याची कबर शोधायला ते जावयाच्या गाडीने एका नदीकाठच्या युद्धस्मशानात गेले. त्यांनी मोबाइलवर फोटो दाखवले, आणि मी खाटेवरून उठून बसलो, कारण पडून राहणं आता शक्य नव्हतं. डोंगराचा उतार, भोवती ऑलिव्हची झाडं, खाली नदीचं खोरं. पांढऱ्या दगडांच्या ओळी, एकसारख्या उंचीच्या, आणि प्रत्येक दगडाच्या पायाशी फुलझाड. गवत इतकं नीट कापलेलं की आमच्या देवळाचं अंगणही तसं नसतं. युसुफभाई म्हणाले की एक इटालियन माळी आहे, तो रोज येतो. त्याच्या आधी दुसरा कुणी होता. कोण कुठले शिपाई, त्यांची भाषा नाही, धर्म नाही, आणि ही माणसं त्यांचं गवत कापतात. मला आमच्या शाळेसमोरचा दगड आठवला, आणि यादीवर फिरलेलं माझं पेन.

मुसलमान शिपायांना पुरलेलं, त्यांचे दगड वेगळे. हिंदूंची कबर नाही, एका भिंतीवर त्यांची नुसती नावं. तिथेच भिंतीतल्या एका लहान कपाटात वही असते, त्यात प्रत्येकाचा बाप, बायको, गाव, तालुका लिहिलेलं. युसुफभाईंनी चुलत आजोबासाठी फातेहा वाचला आणि निघताना ती वही सहज चाळली. त्यात खेड तालुका दिसला. ते सांगत होते, "एवड्या लांब आपल्या मुलखातला कुनी येनार नाय. मी आलो, तर नुस्ता माजाच मानूस बघून परत फिरू? बरं नाय वाटलं." त्यांनी खेडची चारही नावं डायरीत उतरवून घेतली. तीन घरं त्यांनी आधीच शोधली होती. दोन मुंबईला गेलेली, एकाला कुलूप. आमचं शेवटचं. त्यांनी चष्मा लावून वाचलं: धोंडू, बाप राघो, नवरा भागीरथीचा, मुक्काम आमचं गाव, खेड, रत्नागिरी. जे कुंकू आजीने कागदावर पुसू दिलं नाही, ते त्या परक्या वहीत तिच्या नावाने तसंच होतं.

आत्याने एकच विचारलं. "बाबांस अग्नी मिळाला?"

"मिळाला," युसुफभाई म्हणाले. "पलटनीनं धर्माप्रमानं अग्नी दिला, तसं त्या भिंतीवर लिवलंय. जावयानं वाचून सांगितलं." आत्याने पदर तोंडाला लावला. ती रडली नाही, नुसती डोलत राहिली, जात्यावर बसलेली बाई डोलते तशी. थोड्या वेळाने ते जरा संकोचून म्हणाले, "तुमच्यातलं कसं करत्यात मला ठाव नवतं. हातात पान्याची बाटली होती, ती त्या भिंतीच्या बुडाला वतली. चालतंय का?" मी पितृपक्षाच्या तिथ्या गावाला सांगणारा माणूस. आमच्या आजोबांना ऐंशी वर्षांत पहिलं पाणी मिळालं ते वाटेवरच्या एका मुसलमानाच्या हातून, आणि तो मला विचारत होता की चाललं का. मी त्यांच्या पायाशी बसलो. स्टँडवर मी खोटं बोललो, हे माझंच घर, धोंडू राघो माझे आजोबा, असं सांगितलं. त्यांनी मला खांद्याला धरून वर उठवलं. "तुमी नाय बोललात तरी मी एष्टीत बसलोच ना," ते म्हणाले. त्यांच्यापुरती गोष्ट संपली.

युसुफभाई संध्याकाळच्या गाडीने गेल्यावर मी आत्यासमोर बसलो. कौलाचं सांगायचं होतं आणि कसं सांगावं ते कळत नव्हतं. मी सुरुवात केली तेवढ्यात ती म्हणाली, "ठाव हाय. गुरवाच्या बायलीनं मला तवाच सांगितलं, तू काय इचारलंस ता." मी म्हणालो, "मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?" ती म्हणाली, "बोलून पान वाढलं असतंस, पन रागानं वाढलं असतंस. तसलं बाबांस कशाला?" नंतर जरा हसून म्हणाली, "नि आई वाघजाई काय खोटं नाय बोलली. तू इचारलंस आयेची नवमी बंद करू का, ती नको म्हनाली. माजा प्रश्न अजून इचारायचाच हाय." एवढं बोलून तिने बायकोकडे भाकरी मागितली. चांगली अर्धी खाल्ली, वालाच्या कालवणाबरोबर. मी त्या रात्री जेवलो नाही. या वेळी त्यात अभिमानाचं काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आजीची नवमी नेहमीसारखी झाली. तिचं कुंकू जसं होतं तसंच राहिलं, देवीने सांगितलं होतं तसं. भटजींना विचारलं तर ते म्हणाले, "शस्त्राने गेलेल्याची तिथी चतुर्दशी. तुम्हाला ठाऊक नाही?" ठाऊक होतं. गावातल्या दुसऱ्या घराला मीच ती सांगितली होती. चतुर्दशीला आजोबांचं पान वाढलं. युसुफभाईंना फोन करून बोलावलं, ते आले, पडवीत बसले, आणि आत्याने उभं राहवत नसताना स्वतः त्यांना वाढलं. अंगणाच्या दगडी गडग्यावर कावळ्यासाठी पान ठेवलं, पण कावळा काही येईना. मी हात जोडून उभा, घामाने निथळलेला. आत्या मागून म्हणाली, "ऐंशी वरसांनी वाढलंस, नि त्यानं लगीच यावं व्हय? तू जेवून घे." आम्ही जेवायला बसलो. हात धुवायला बाहेर आलो तेव्हा पान चाटूनपुसून स्वच्छ होतं. कोण येऊन गेलं ते कुणी बघितलं नाही आणि मी कुणाला विचारलं नाही.

देवळात मी पुन्हा कौल लावला नाही. आत्याच्या प्रश्नाचं उत्तर खेडच्या बाकावर माझ्या शेजारी येऊन बसलं होतं आणि मी त्याला नाही म्हणून सांगितलं होतं, तरी ते माझ्यामागून घरापर्यंत आलं. मी फक्त देवीसमोर उभा राहिलो. इतकी वर्षं मी तिच्याकडे जायचो तो आधीच ठरवलेलं उत्तर खिशात घालून. रिकाम्या हाताने उभं राहायला त्या दिवशी फार जड गेलं, पण तसं उभं राहता येतं एवढं मला उशिरा का होईना कळलं. तिने मला शिक्षा करायला हवी होती. तिने माझ्या तोंडात खजूर घातला.

मग गावाची बैठक बोलावली. ज्या लोकांनी वाहवा केली होती त्यांच्यासमोर उभं राहून मी सांगितलं की आजोबांचं नाव मी खोडलं, कौल वाकडा लावला, आत्याला दगडापाशी बोललो तेही. कुणी हसलं नाही, ते जास्त लागलं. नाव कोरायचं ठरलं, तेव्हा पाथरवट म्हणाला की दगड भरलेला आहे, जागा नाही. मी म्हणालो, खाली समितीच्या ओळीत माझं नाव आहे, ते घासून काढ. त्याने काढलं. पण घासल्यावर तिथे खळगा पडला, आणि आजोबांचं नाव त्या खळग्याच्या आत कोरावं लागलं. लांबून बघितलं तर ते जरा वाकडं दिसतं, बाकीच्या नावांपेक्षा आत गेलेलं. पाथरवट ओशाळला, म्हणाला, याहून बरं होणार नाही.

अलोऱ्याला परत जायच्या दिवशी आत्याला रिक्षातून शाळेसमोर नेलं. मी सांगायला पुढे झालो की आत्या, खालच्या ओळीत, डावीकडून तिसरं. तिने मला हाताने थांबवलं. पदराखालचा हात काढला, दगडावर ठेवला, आणि आंधळ्यासारखी बोटं फिरवत खाली आली. एका जागी बोट आत गेलं. तिथे ती थांबली.

"वाचून दावू नको," ती म्हणाली. "खोल हाय. ह्याच."